गडग्यापलीकडचा पेनड्राइव्ह

"अगो, आहेस का घरात, की दुकान उघडायला पळालीस?"

काकूंची हाक गडग्यावरून आली की समजावं, बातमी ताजी आहे. शिळी बातमी असली तर त्या पुढच्या दाराने येतात, चहा घेतात आणि सावकाश सांगतात.

"आहे काकू. काय म्हणताय?"

"म्हणत्ये कसली! गणपती गेले, चाकरमानी गेले आणि जाताना आमचे भाऊजी ही ब्याद माझ्या गळ्यात घालून गेले."

काकूंनी कनवटीची कुंकवाची जुनी डबी उघडली आणि तिच्यातून एक पेनड्राइव्ह काढून गडग्यावर, अळूच्या जुडीशेजारी ठेवला.

"पुण्याचे भाऊजी? कुलवृत्तांतवाले?"

"तेच. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. मूळ पुरुषापासून ते परवा बारशाला गेलो त्या पोरापर्यंत सगळं ह्यात. फोटो ह्यात, पत्ते ह्यात, कोणाची सून कुठल्या गावची आणि माहेरचं आडनाव काय, तेसुद्धा ह्यात. आणि आता हे कार्टं तोंड उघडेना. लॅपटॉपला लावलं की म्हणतं, आधी फॉर्मॅट करा, मग वापरा."

"केलंत का फॉर्मॅट?" मी घाईघाईने विचारलं.

"पुतण्या करणारच होता. म्हणाला, काकू, फॉर्मॅट मारू, मग सॉफ्टवेअरने सगळं परत येतं. मी म्हटलं, बाबा, हात लावू नकोस. आमच्या शेजारणीचं कचेरीसमोर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, ती बघेल. आणि आमच्या घरातलं कोणी काही 'मारू' म्हटलं ना, की मला आधी धडकीच भरते."

"काकू, तुम्ही अर्धं काम केलंत."

"कोणतं?"

"काहीच न करण्याचं. ह्या धंद्यात तेवढं कोणाला जमत नाही."

काकूंना हे आवडलं. त्यांनी अळू बाजूला सरकवलं आणि कोपर गडग्यावर टेकलं. म्हणजे आता बैठक लांबणार.

"झालं कसं पण?"

"आरती, दुसरं काय! भाऊजी लॅपटॉप मांडीवर घेऊन यंदाचे फोटो त्यात भरत होते. जाऊबाई आतून ओरडल्या, 'अहो, आरतीला सगळे खोळंबलेत.' ह्यांनी दिला हिसका, पेनड्राइव्ह खिशात आणि टाळ हातात. त्याचा तो दिवा लुकलुकत होता म्हणे तेव्हा. आता जाऊबाई म्हणतात, मी काय पेनड्राइव्ह ओढा म्हटलं होतं? भाऊजी म्हणतात, तू हाक मारली नसतीस तर ही वेळच आली नसती. पुण्याला पोचेपर्यंत गाडीत दोघांचं बोलणं नाही. पुतण्यानेच फोन करून सांगितलं."

"दिवा लुकलुकतो म्हणजे लिहिणं चालू असतं, काकू. 2018 नंतरच्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह पटकन काढता यावा अशीच व्यवस्था मुळात लावलेली असते. त्यामुळे लोकांना वाटतं, ते 'सेफली रिमूव्ह' आता कशाला? पण ती सवलत लिहिणं संपल्यावरची. मधेच ओढलंत तर फाइल अर्धी जाते आणि तिची नोंद अर्धवट राहते."

"नोंद कसली?"

"पेनड्राइव्हच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. कुठल्या फाइलचे तुकडे कुठे कुठे ठेवलेत ते त्यात लिहिलेलं. फॅट म्हणतात त्याला. तुमच्या परड्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते ना, तसं समजा. दप्तर भिजलं म्हणून परडं कुठे जात नाही. फणस जागेवर, विहीर जागेवर. फक्त दप्तरात बघाल तर असं परडंच नाही."

"आमच्याकडे दप्तर न भिजताच तसं झालं होतं," काकू म्हणाल्या. "ते जाऊ दे. फॉर्मॅट म्हणजे काय मग?"

"नवं कोरं दप्तर. 'क्विक' फॉर्मॅट असेल तर दप्तर तेवढं कोरं होतं, जमीन तशीच राहते. पण त्या 'क्विक'समोरची खूण काढलीत, तर व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज अख्ख्या पेनड्राइव्हवर शून्यं लिहीत जातात. मग भाऊजींचा मूळ पुरुष शून्य आणि परवाच्या बारशाचं पोरही शून्य. पुढे सॉफ्टवेअर शोधणार काय?"

काकूंनी पेनड्राइव्हकडे जरा आदराने पाहिलं. मग एकदम आठवण झाल्यासारखा आवाज खाली आणला. "म्हणजे खालच्या आळीतल्या मास्तरांचं तसंच झालं होतं का गो? त्यांचे सगळे फोल्डर म्हणे बाण लागून बसले होते. मास्तरीणबाईंना वाटलं, कोणीतरी काहीतरी केलं."

"केलं होतंच, पण लिंबू-मिरचीवालं नव्हे. तो शॉर्टकट व्हायरस. मास्तर प्रिंट काढायला दहा ठिकाणी पेनड्राइव्ह लावतात, त्यातल्या कुठल्यातरी मशीनमधून आला. तो खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे दरवाजे समोर मांडतो. दरवाजा उघडायला गेलात की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरात. मास्तर म्हणाले, सगळं गेलं. काही गेलं नव्हतं. आधी व्हायरस काढला, मग ॲट्रिबची एक कमांड दिली आणि लपवलेलं सगळं पुढ्यात."

"आणि मास्तरीणबाईंनी नारळ फोडला तो?"

"तो कमांडच्या आधी फोडला. श्रेय कोणाला ते त्यांनाच विचारा."

काकू हसल्या, पण त्यांचं अजून संपलं नव्हतं. "आणि वरच्या वाडीतल्या त्या पोराचा? दोन हजार जीबीचा म्हणे, पाचशे रुपयांत मागवला. सगळ्या वाडीला दाखवत हिंडत होता."

"त्याचं मात्र खरंच गेलं, काकू. आत चिप असते सोळा नाही तर बत्तीस जीबीची. तिच्यावरचा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटं सांगतो, माझ्यात दोन हजारांची जागा आहे. सुरुवातीचं सगळं नीट उतरतं. जागा भरली की पुढचं हवेत जातं, नाही तर आधीच्याच फायलींवर चढतं. तक्ता सुरुवातीला असतो म्हणून नावं दिसतात, आकडे दिसतात. पोरगं खूश. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ उघडायला गेला तेव्हा कळलं. आता जे लिहिलंच गेलं नाही ते मी कुठून आणू?"

"आधी कळायला काही मार्ग?"

"आहे की. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते अख्खा पेनड्राइव्ह भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. रात्रभर लागते, पण नवा माल खरा की खोटा ते सकाळी कळतं. मोकळ्या पेनड्राइव्हवरच चालवायचं मात्र."

"बरं, ते राहू दे," काकू म्हणाल्या. विषय स्वतःच काढायचा आणि स्वतःच 'राहू दे' म्हणायचं ही त्यांची पद्धत. "ह्याचं काय करणार तू? पुतण्या म्हणत होता, चेकडिस्क मार."

"तुमच्या पुतण्याला मारामारी फार आवडते. चेकडिस्कचं काम पेनड्राइव्ह पुन्हा वापरता यावा इतपत नीट करणं. त्यातला माल वाचवणं हे त्याचं काम नव्हे. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही, ते तो 'फाउंड' नावाच्या फोल्डरात सीएचके म्हणून टाकतो."

"बेवारस."

"अगदी. आणि जी थोडीफार नोंद शिल्लक असेल तीही आवराआवर करताना पुसून टाकू शकतो. म्हणून मी आधी ह्याची इमेज काढणार. फायलींची नक्कल नव्हे, अख्ख्या पेनड्राइव्हची, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. पुढची सगळी उकराउकर त्या नकलेवर. चुकलंच काही तर मूळ आहे तसं आहे. आणि निघालेला माल परत ह्याच्यातच ठेवायचा नाही. लोक तिथेच फसतात. वाचवलेली फाइल न वाचवलेल्या फाइलच्या डोक्यावर नेऊन ठेवतात."

"ने मग. आणि हे अळूही ने. फतफतं कर."

दोन्ही घेऊन मी निघाले.

काम झालं त्या संध्याकाळी मी मागीलदारी कपडे काढत होते, तोवर पलीकडून आवाज आलाच. "काय म्हणतो आमचा मूळ पुरुष?"

"सुखरूप आहे, काकू."

"देव पावला! होतं काय त्याला?"

"पहिला सेक्टर बिघडला होता. पेनड्राइव्ह कसा वाचायचा हे जिथे लिहिलेलं असतं तीच जागा. म्हणून तो फॉर्मॅट करा, फॉर्मॅट करा म्हणून बसला होता. पण फॅट-32 ची रीत चांगली आहे. त्या सेक्टरची एक प्रत सहा नंबरच्या सेक्टरमध्ये सहसा ठेवलेली असते आणि तक्त्याच्याही दोन प्रती असतात. टेस्टडिस्क नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याने नकलेवर ती प्रत पुढे आणली. बरेचसे फोल्डर नावागावासकट उघडले."

"महाग असेल ते?"

"फुकट. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलंय आणि जगाला वाटलंय."

"फुकट? मग तू पैसे कसले घेणार?"

"विजेचे, काकू. आणि अळू निवडण्याचे."

"बरं. 'बरेचसे' म्हणालीस. मग उरलेले?"

"उरलेल्यांसाठी त्याचंच भावंड, फोटोरेक. ते दप्तर बघतच नाही, थेट जमीन उकरतं. प्रत्येक जातीच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपीजी फोटो एफएफ-डी8 ने सुरू होतो. नव्या जातीची वर्डची फाइल 'पीके'ने सुरू होते."

"पीके? कोण हा?"

"फिल कॅट्झ. झिप काढली तो अमेरिकन. वर्डची डॉक्सएक्स फाइल म्हणजे आतून झिपच, म्हणून त्याची आद्याक्षरं अजून तिच्या कपाळावर आहेत. फोटोरेक अशा खुणा शोधत जातं आणि सापडेल ते बाहेर काढतं. एकच अडचण. फाइल येते, तिचं नाव येत नाही. नावं तक्त्यात होती ना. त्यामुळे फोटो आलेत ते नुसते एफ आणि पुढे आकडे. कोण कोणाचं, ते आता तुम्ही सांगायचं."

"ते काय, डोळे मिटून सांगीन," काकू म्हणाल्या, आणि ते खरं होतं. मी मोबाइलवर घेतलेले फोटो गडग्यावरून पुढे केले, तशा त्या सुरूच झाल्या. "ही गुहागरची आत्या. हा तिचा जावई, दारू पितो पण मनाने चांगला. ही... ही कोण गो? नाकावरून आमच्यातली वाटत नाही. हां, ही ती, जिच्या लग्नाला भाऊजी गेले नव्हते."

एका फोटोवर त्या थांबल्या. जुन्या घराच्या खळ्यात सगळं कुटुंब ओळीने बसलेलं, मूळ फोटो स्कॅन केलेला. छातीपर्यंत सगळे स्वच्छ दिसत होते. तिथून एक आडवी हिरवट पट्टी आणि खाली तळापर्यंत सपाट राखाडी.

"हे काय झालं?"

"ह्या फाइलचा पुढचा तुकडा दुसरीकडे होता, तो सापडला नाही. जेपीजी वरून खाली लिहीत जातात. फोटोचे बारीक बारीक चौकोन करतात आणि एका चौकोनाचा रंग आधीच्या चौकोनापेक्षा किती वेगळा, एवढंच लिहितात. मधे खाडा झाला की हिशेब चुकतो, म्हणून ती हिरवी पट्टी. पुढे माहितीच नाही, म्हणून राखाडी."

काकूंनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "चेहरे आले ना? पुरे. खाली सगळी धोतरंच होती."

"आणि आरतीचा व्हिडिओ उघडत नाही. एमपी-4 ची अनुक्रमणिका असते, ती बऱ्याच मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग थांबवल्यावर सगळ्यात शेवटी लिहिली जाते. भाऊजींनी हिसका दिला तेव्हा हाच व्हिडिओ उतरत होता. शेपूट पोचलंच नाही. पण मूळ पुतण्याच्या मोबाइलमध्ये असेल, तो पाठवायला सांगा. त्याच्यावर मेहनत कशाला?"

"असेल म्हणजे? आहेच. सगळ्या ग्रुपवर टाकलाय मेल्याने. मी तारस्वरात गाताना." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "आणि मुख्य ते? लिहिलेलं?"

"तीच तर गंमत. फाइल अख्खी निघाली. एक पान तुमच्या पुतण्याला पाठवलं तर तो म्हणाला, ताई, ही करप्ट आहे, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि दांडे. मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्या वडिलांनी हे जुन्या काळी श्रीलिपीत टाइप केलंय. तेव्हा युनिकोड घरोघरी नव्हतं. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम, प्रत्येकाचं देवनागरी निराळं. आतला मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी अक्षरं. तो फॉन्ट मशीनवर नसला की असाच चिवडा दिसतो. माझ्या दुकानात फॉन्ट आहे. लावला, आणि गोत्र-प्रवरासकट सगळं वाचता यायला लागलं."

"म्हणजे धड फाइललाच बिघडलेली म्हणत होता तो?"

"रोज कोणीतरी म्हणतं. जुन्या दिवाळी अंकांच्या, पत्रिकांच्या कितीतरी फायली लोकांनी करप्ट म्हणून पुसून टाकल्या असतील. आता मी तुमच्या भाऊजींची फाइल युनिकोडमध्ये बदलून देते. पण जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालायला सांगा, बदलताना तिथे चुका होतात."

काकूंनी सुस्कारा सोडला आणि कनवटीची डबी पुन्हा काढली. "दे तर मग. आता नीट जपून ठेवत्ये. देव्हाऱ्याखालच्या खणात."

"तिथे अजिबात नको. ह्याच्या आत बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. 1980 च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका नावाच्या जपानी माणसाने ही फ्लॅश मेमरी काढली. वर्षानुवर्षं ह्याला कुठे लावलंच नाही तर कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. त्यात आपली हवा, पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सुटून बसतं. पेनड्राइव्ह नेआणीपुरता. ठेवायचं असेल तर निदान दोन जागी, आणि त्यातली एक जागा घराबाहेरची."

"घराबाहेरची कशाला?"

"22 जुलै 2021. चिपळूण."

काकू गप्प झाल्या. त्यांची मावसबहीण चिपळुणातली. वाशिष्ठीचं पाणी माळ्यापर्यंत चढलं तेव्हा तिचा कॉम्प्युटर आणि त्याची नक्कल ठेवलेली हार्डडिस्क एकाच कपाटात होती.

"आणि तिच्या मुलाने ती हार्डडिस्क उन्हात वाळवून लगेच सुरू करून बघितली," त्या म्हणाल्या.

"तेच करायचं नसतं. आत तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारं टोक केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. चिखलाचा कण आत राहिला तर तबकडी खरवडून निघते. ओली हार्डडिस्क सुरू न करता, तशीच जाणकाराकडे न्यायची. वाजायला लागलेलीही तशीच. टकटक आवाज आला की वीज बंद. घरी स्क्रू काढून बघायचं नाही."

"बरं बाई, शिकले सगळं." काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. मग गडग्यावरून इतक्या पुढे वाकल्या की जास्वंदीची फांदी त्यांच्या अंबाड्यात अडकली. "एक विचारू? तू म्हणालीस, रिकाम्या दिसणाऱ्या जागेतलंही निघतं. म्हणजे भाऊजींनी पुसलेलंही निघालं असेल."

ह्याच प्रश्नाची मला भीती होती.

"निघतं कधीकधी. पुसतो म्हणजे आपण नोंद तेवढी काढतो. वरती नवं काही येऊन बसेपर्यंत माल तिथेच असतो. म्हणून जुना पेनड्राइव्ह कोणाला देऊ नये."

"मग? काय निघालं?"

"काकू, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधलं मी बोलत नाही. कचेरीसमोर दुकान आहे माझं. लोकांची वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, कसली कसली पत्रं माझ्या मशीनवरून जातात. तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी शटर ओढावं लागेल."

"नको ना बोलूस! मी कुठे म्हणत्ये बोल? वृत्तांताचा जुना खर्डा निघाला का, एवढंच विचारत्ये. पहिला केला होता तो. भाऊजींनी मला तेव्हा वाचून दाखवला होता. माझ्या नावापुढे लिहिलेलं, बी.ए., निवृत्त शिक्षिका, हायस्कूल. आणि आता गणपतीत दाखवला त्यात नुसतं 'गृहिणी'. मी म्हटलं, भाऊजी, हे कसं? तर म्हणाले, वहिनी, पहिल्यापासून तसंच आहे, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

मी कपड्यांचे चिमटे गोळा करायला लागले.

"बोलू नकोस तू. जुन्यात बी.ए. होतं ना? नसेल तर नुसती मान हलव."

मी चिमटे मोजत राहिले. मान हलवली नाही.

"कळलं," काकू म्हणाल्या. अंबाडा फांदीतून सोडवून घेतला आणि पेनड्राइव्ह डबीत टाकून टपकन झाकण लावलं. "युनिकोड की काय ते करशील तेव्हा जुन्या खर्ड्याचंही कर."

"काकू, तो भाऊजींचा..."

"भाऊजींचाच. त्यांनाच देणार आहे मी. रफार तपासायला." त्या वळल्या आणि पडवीतूनच फोनवर बोलायला लागल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात: "हॅलो भाऊजी? हो, मिळालं, सगळं मिळालं. पुसलेलंसुद्धा. नाही, कुरिअरने नाही पाठवणार. न्यायला तुम्हीच या. आणि येताना लाल पेन आणा!"